मचूळ पाण्यातले शिसे

ज्या विहिरीत शिसे नाही हे मला ठाऊक होते, तिच्या पाण्यात शिसे आहे असा अहवाल मी माझ्या डोळ्यांदेखत टाइप होऊ दिला. थांबवायला एक वाक्य पुरले असते. ते मी उच्चारले नाही. ही गोष्ट मी सव्वीस वर्षे कुणाला सांगितली नाही. पत्नीला नाही, आईला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची खाजगी प्रयोगशाळा होती. लोक पाणी आणून देत. त्यात काय काय आहे ते मोजून आम्ही अहवाल देत असू. माझ्याकडे ‘वेट केमिस्ट्री’ होती. म्हणजे ब्यूरेट, फ्लास्क, रसायने आणि डोळा. घाटकोपरहून बसने येऊन मी आठ वर्षे हेच करत होतो, आणि चांगले करत होतो.

पाण्यातले शिसे मोजायची जुनी पद्धत डायथायझोनची. क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेले हे द्रव्य गर्द हिरवे असते. पाण्याबरोबर ते हलवले आणि पाण्यात शिसे असले, की हिरव्याचे लाल होते. जितके शिसे तितका लाल. इतर धातूंनी लुडबूड करू नये म्हणून त्यात पोटॅशियम सायनाइड घालावे लागते. त्यामुळे विषाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे आणि प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये नोंद करावी लागे: तारीख, वजन, प्रयोजन, सही. एका नमुन्याला अर्धा दिवस जाई. आमचे मालक करमरकर साहेब पाहुण्यांना सांगत, “शिसं करावं तर आमच्या सावंतने.” त्या वाक्यावर मी आठ वर्षे काढली होती.

मग ए.ए. आले. पूर्ण नाव ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर. पण तोंडात ए.ए.च. त्याचे तत्त्व सोपे आहे. नमुन्याचे पाणी बारीक नळीने ओढून ॲसिटिलीनच्या ज्योतीत फवारतात. ज्योतीत धातूचे अणू सुटे होतात. शिसे मोजायचे असेल, तर शिशाचाच खास दिवा लावून त्याचा प्रकाश त्या ज्योतीतून पाठवतात. शिशाचे अणू तेवढाच प्रकाश शोषतात. पलीकडे प्रकाश किती कमी पोहोचला, यावरून शिसे किती ते कळते. माझ्या अर्ध्या दिवसाचे काम अर्ध्या मिनिटात.

यंत्र शिकायला दोन आठवडे ट्रेनिंग होते. मी जाणार हे मी धरूनच चाललो होतो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले.

“सावंत, ट्रेनिंगला मिस वैतीला पाठवतोय.”

“साहेब, शिसं आठ वर्षं मी करतोय.”

“म्हणूनच रे. तू गेलास तर इथलं कोण बघणार? आणि ती एमएस्सी आहे. मशीनवाल्यांना ते बरं पडतं.”

“मी बीएस्सी आहे म्हणून—”

“असं मनाला लावून घेऊ नकोस यार. तुझा हात आहे. हाताला मशीन कशाला हवं?”

नलिनी वैती येऊन तीनच महिने झाले होते. वेसाव्याची, मासेमारी करणाऱ्या घरातली. घरातली पहिलीच शिकलेली. आई बाजारात मासळी विकते, हे ती कुणी विचारण्याआधी सांगून टाकी. ती प्रोबेशनवर होती. जूनमध्ये तिला कायम करायचे की नाही ते ठरणार होते. वयाने माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला ‘सावंत सर’ म्हणे. मी तिला ‘मिस वैती’.

यंत्रासाठी वेगळी खोली झाली. तिला ए.सी. बसला. आम्ही बाकीचे क्लोरोफॉर्मच्या वासात घामाघूम, आणि ती काचेपलीकडे पांढऱ्या नव्या कोटात. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. माझ्या चपला त्या दाराशी कधी काढल्या गेल्या नाहीत. मी काम असले तरी दारातूनच बोलत असे. पाहुणे आले की साहेब त्यांना थेट त्या खोलीत नेत. एका दिवसात ते ‘आमच्या मिस वैती’ किती वेळा म्हणाले, हे मी मोजत असे. एकदा सात वेळा. हे आकडे मी कुठे लिहिले नाहीत, पण अजून विसरलेलो नाही.

आमच्या टायपिस्ट फर्नांडिस बाई जात्याच थट्टेखोर. दुपारच्या डब्याला त्या म्हणाल्या, “नलिनी, शुक्रवारी पापलेट आण गं माझ्यासाठी. नाहीतर तुझ्या मशीनमधूनच काढ, अर्ध्या मिनिटात!”

सगळे हसले. नलिनी सर्वांत मोठ्याने हसली. मीही हसलो, आणि डबा अर्धाच मिटला. त्या संध्याकाळी आई म्हणाली, “तुझा तोंड असा कित्याक झाला?” मी म्हणालो, काही नाही, उन्हाने.

मत्सर माणसाला आळशी करतो असे म्हणतात. मला त्याने अभ्यासू केले. यंत्राचे मॅन्युअल मी नलिनीकडून एका दिवसासाठी मागून घेतले आणि सबंध झेरॉक्स काढून घरी नेले. रोज रात्री जेवल्यावर वाचत असे. त्यातल्या एका प्रकरणावर मी पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. त्यात असे लिहिले होते: पाण्यात मीठ फार असेल, तर ज्योतीत मिठाचीही गर्दी होते आणि ती थोडा प्रकाश अडवते. यंत्राला अडवणारा कोण ते कळत नाही. ते तो सगळा हिशेब शिशाच्या नावावर टाकते. यावर उपाय म्हणून यंत्रात दुसरा एक दिवा असतो, ड्यूटेरियमचा. मिठाने किती प्रकाश अडवला ते तो वेगळे दाखवतो, आणि तेवढे वजा करता येते.

आमच्या यंत्राचा हा दुसरा दिवा खोक्यातच फुटून आला होता. नवा परदेशातून यायचा होता. त्या काळी त्याला परवान्याचे कागद आणि महिने लागत. बसवायला आलेला इंजिनीअर जाताना नलिनीला म्हणाला होता, “साध्या पाण्याला तो लागत नाही. खारं पाणी आलं तर मात्र मोजू नका.” तिने ते वाक्य एका कार्डावर लिहून यंत्रावर चिकटवले होते. म्हणजे तिला ठाऊक नव्हते, असे नाही. तिला चांगले ठाऊक होते.

मे महिन्यात गोराईच्या खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्यातून एक वृद्ध गृहस्थ आले. बोटीचे प्रमुख खलाशी, म्हणून लोक त्यांना तांडेल म्हणत. बरोबर पाण्याचे दोन कॅन. त्यांच्या विहिरीजवळ कुणीतरी जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटी रचून ठेवल्या होत्या. बॅटरीच्या प्लेटी शिशाच्या असतात, हे गावातल्या मास्तरांनी सांगितल्यापासून लोक धास्तावले होते. गावाची पिण्याची विहीर ती एकच.

नमुने मी घेतले. रजिस्टर भरताना तांडेल बोलत होते. “पानी तसं चांगलं हाय. उन्हाल्यात जरा मचूल लागतं, येवडंच.”

मचूळ म्हणजे किंचित खारे. मी मान हलवली. रजिस्टरमध्ये चवीचा रकाना नव्हता. तिथे आणि बाटलीवर मी ‘विहीर, पिण्याचे’ एवढेच लिहिले. इथवर माझ्या मनात काही नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो.

एवढ्यात नलिनी बाहेर आली. तांडेलांनी तिच्याकडे पाहिले.

“तू आमच्यातली काय गो? कुठली?”

“वेसाव्याची, आजोबा.”

“मंग बस झालं.” ते माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, ही पोर सांगेल ते खरं.”

आठ वर्षे शिसे मी केले होते.

आमच्याकडे कामाची एक रीत होती. आलेला नमुना दोन बाटल्यांत वाटला जाई. एक माझ्याकडे: क्षार, कठीणपणा, क्लोराइड. क्लोराइड म्हणजे सोप्या भाषेत मिठाचे माप. दुसरी बाटली यंत्राच्या खोलीत, धातूंसाठी. माझी शीट आणि तिची शीट यांची भेट थेट फर्नांडिस बाईंच्या टेबलावर होई. त्या दोन्ही एका अहवालात टाइप करत आणि साहेब सही करत. साहेब सही करण्यापूर्वी फक्त शेवटची ओळ वाचत. एकमेकांचे आकडे आम्ही पाहतच असू असे नाही. पाहायचे असले तर विचारावे लागे.

नलिनीने विचारले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली.

“सावंत सर, त्या कोळीवाड्याच्या पाण्याचं क्लोराइड झालं का? खारं नाही ना ते? माझा दुसरा दिवा नाही, म्हणून विचारते.”

माझे टायट्रेशन सकाळीच झाले होते. शीट माझ्या पुस्तकाखाली होती. क्लोराइड भरपूर आले होते.

मी म्हणालो, “अजून नाही केलं. पिण्याचं पाणी आहे, बाटलीवर लिहिलंय ना.”

“हो, ते वाचलं मी.”

“मग? एमएस्सीला शिकवलं नाही का पिण्याचं पाणी गोडं असतं म्हणून?”

ती हसली. तिला ती थट्टा वाटली. “थँक्यू, सर,” म्हणून ती गेली. चपला दाराशी काढल्याचा आवाज मला ऐकू आला.

असे मी का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिचे नुकसान करायचे असे ठरवून मी बोललो नव्हतो. त्या क्षणी मला एवढेच हवे होते, की काचेपलीकडच्या खोलीला माझ्या आकड्याशिवाय चालवून बघू दे. माझ्यावाचून काही अडते का, ते एकदा दिसू दे. तिने मला मदत मागितली होती, आणि तिला माझी गरज आहे हेच तर मला महिनोन्‌महिने ऐकायचे होते. ते ऐकू आले तेव्हा मी दार लावून घेतले.

विहिरीच्या पाण्यात शिसे असलेच तर अगदी थोडे असते. ए.ए.ला ते नीट दिसावे म्हणून पाणी ॲसिड घालून हॉटप्लेटवर आटवतात. नलिनीने वीसपट आटवले. पद्धत योग्यच होती. पण पाणी वीसपट आटवले की शिसे वीसपट होते तसे मीठही वीसपट होते. मचूळ पाणी तिच्या हॉटप्लेटवर जवळजवळ खाडीचे पाणी होऊन गेले. ज्योतीत मिठाची गर्दी झाली, आणि यंत्राने ती शिशाच्या नावावर टाकली.

ती निष्काळजी नव्हती. तिने पडताळाही घेतला. त्याच पाण्यात ठरावीक शिसे मुद्दाम मिसळून पुन्हा मोजले. जेवढे मिसळले तेवढेच नेमके वाढलेले दिसले. पुस्तकाप्रमाणे पडताळा उत्तीर्ण. परंतु हा पडताळा अशा चुकीला पकडू शकत नाही. कारण मिठाचे खोटे शिसे पहिल्या मापात होते तेवढेच दुसऱ्या मापातही असते, आणि वजाबाकीत ते नाहीसे होते. ही चूक पकडू शकला असता तो फक्त क्लोराइडचा आकडा. तो माझ्या पुस्तकाखाली होता.

मर्यादेच्या दुप्पट शिसे, असा तिचा निष्कर्ष आला. शुक्रवारी तिने तो साहेबांना सांगितला. साहेब खूश झाले, कारण यंत्राने प्रथमच काहीतरी मोठे पकडले होते.

शनिवारी अर्धा दिवस असे. सगळे गेल्यावर मी एकटा थांबलो. विषाचे कपाट उघडले. सायनाइड तोलले. नोंद केली: तारीख, वजन, ‘प्रयोजन: शिसे’, सही. यंत्र आल्यापासून शिशासाठीची ही पहिलीच नोंद, पण आठ वर्षांच्या सवयीने केली. इतर सर्व बाबतींत मी नोंदी चोख ठेवणारा माणूस होतो. मग त्या विहिरीच्या पाण्याचे डायथायझोन केले.

विभाजक नरसाळे हलवून स्टँडला लावले आणि थर वेगळे होण्याची वाट पाहिली. हिरवा थर हिरवाच राहिला. पुन्हा केले. पुन्हा हिरवाच. किंचित लालसर झाक म्हणावी एवढेच, आणि तेवढी तर आमच्या शुद्ध डिस्टिल्ड पाण्यालाही येई.

मला आनंद झाला. हे वाक्य लिहायला मला सर्वांत जड गेले. माझ्यासमोर एका गावाचे पाणी निर्दोष ठरले होते, पण माझा आनंद त्यासाठी नव्हता. अर्ध्या मिनिटाच्या यंत्राला अर्ध्या दिवसाच्या हाताने खोटे पाडले होते, त्याचा तो आनंद होता. मी निकाल माझ्या वहीत लिहिला, वही खालच्या खणात ठेवली आणि नरसाळी धुऊन उपडी घातली.

सोमवारी सांगू, असे मी रविवारभर स्वतःला सांगत होतो. कसे सांगायचे याची वाक्येही जुळवली होती. सगळ्यांसमोर, शांतपणे. ‘साहेब, जरा थांबा. मी माझ्या पद्धतीने पाहिलंय.’ पण सोमवारी मी पोहोचलो तेव्हा साहेब यंत्राच्या खोलीत होते. काचेतून मला त्यांचा हात नलिनीच्या खांद्यावर थाप देताना दिसला.

फर्नांडिस बाईंनी हाक मारली. “सावंत, तुझी शीट दे ना रे. नलिनीची कधीच आली. तांडेल आजोबा दुपारी येणार.”

मी पुस्तकाखालून शीट काढून त्यांना दिली आणि तिथेच उभा राहिलो. त्यांनी आधी माझे आकडे टाइप केले. मग तिचे. इंग्रजी ‘लेड’ या शब्दाची चारही अक्षरे मी टाइपरायटरवर उमटताना पाहिली. बाईंनी वर पाहिले.

“काय रे, काही चुकलं?”

“नाही,” मी म्हणालो.

साहेबांनी शेवटची ओळ वाचली आणि सही केली.

गावाने विहिरीवर फळ्या टाकल्या. ऐन मे महिन्यात बाया पलीकडच्या पाड्यातून पाणी वाहू लागल्या. काही कुटुंबे तरीतून कॅन भरून आणत. बॅटऱ्यांच्या प्लेटी उचलल्या गेल्या. मग सरकारी प्रयोगशाळेने फेरतपासणीसाठी पाणी नेले. तीन आठवड्यांनी त्यांचा निकाल आला: शिसे नाही.

तांडेल दोन्ही कागद घेऊन आले. ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरे झाले असते. त्यांनी कागद नलिनीपुढे शेजारी शेजारी ठेवले.

“पोरी, मी गावात सांगून बसलो, आपल्यातल्या पोरीनं बगितलंय म्हणून. आता मी काय सांगू, तू सांग.”

नलिनी दोन्ही कागदांकडे पाहत राहिली. तिच्या ओठांवरून मला कळले, की ती मनात आकडे पुन्हा तपासते आहे. “माझं चुकलं, आजोबा,” ती म्हणाली. “कुठं चुकलं ते मला अजून कळत नाही. पण माझंच चुकलं.”

ते गेल्यावर साहेबांनी सर्वांसमोर आवाज चढवला. “वाट लागली आपल्या नावाची! एवढ्या खटपटीने मशीन आणलं, आणि पहिल्याच मोठ्या कामाला हे? सावंत, हिच्या हातातलं काम संपलं की ए.ए. तू बघ.”

“बरं, साहेब,” मी म्हणालो.

जूनमध्ये तिला कायम केले नाही, प्रोबेशन वाढवले. तीन दिवसांत तिने राजीनामा दिला. जायच्या दिवशी तिने यंत्राचे सगळे माझ्याकडे सोपवले. दिवे, लॉगबुक, किल्ल्या. त्याच दिवशी वार्षिक मोजणीसाठी सर्व रजिस्टरे टेबलावर काढलेली होती. विषाचे रजिस्टर उघडे होते. तिने ते सहज चाळले. एका पानावर तिचा हात थांबला. मग तिने ते मिटले आणि माझ्याकडे पाहिले.

“दिवे कापसातच ठेवा, सर,” ती म्हणाली. “काचेला बोट लागू देऊ नका.”

चपला घालून ती गेली. त्या संध्याकाळी मी प्रथमच त्या दाराशी माझ्या चपला काढल्या. आत गारवा होता. यंत्रावर तिचे कार्ड होते. तिच्या लॉगबुकातले अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होते, तिची प्रमाण द्रावणे माझ्यापेक्षा नीट लेबल लावलेली होती. खोली माझी झाली तरी मला तिचा हेवा वाटतच राहिला.

पुढच्या आठवड्यात मी साहेबांना चुकीचे कारण ‘शोधून’ दाखवले. मीठ, आटवणे, नसलेला दिवा. त्यांनी माझी पाठ थोपटली. “हे तिला समजायला हवं होतं,” ते म्हणाले. मी एक नियम सुचवला: धातूंचा नमुना ए.ए.वर घेण्याआधी त्याचे क्लोराइड झालेच पाहिजे आणि आकडा बाटलीवर लिहिला पाहिजे. फर्नांडिस बाईंनी तो ठळक टाइप केला. ‘क्लोराइड आधी.’ साहेबांनी फ्रेम करून भिंतीला लावला. लोक त्याला सावंतांचा नियम म्हणू लागले. त्या नियमावर मी बढतीही मिळवली.

काळ पुढे गेला. साहेब निवर्तले, फर्नांडिस बाई निवृत्त झाल्या, प्रयोगशाळा मोठी झाली. यंत्रे चारदा बदलली. फ्रेम तशीच राहिली. मी क्वालिटी मॅनेजर झालो. वहीचे ते पान खालच्या खणात होते. खण बदलले, की वही मी स्वतः नव्या खणात ठेवत असे. ती फेकून का दिली नाही, हे मला सांगता येणार नाही.

आता प्रयोगशाळांना मान्यता लागते आणि त्यासाठी बाहेरून परीक्षक येतात. गेल्या वर्षी आलेल्या पत्रात परीक्षकांचे नाव होते: डॉ. नलिनी वैती. पूर्वी इथे काही महिने नोकरी केल्याचे त्यांनी आधीच संस्थेला कळवले होते. त्याला कुणाची हरकत नव्हती.

त्या आल्या. केस पिकलेले, चष्मा, तोच मोकळा आवाज. “कसे आहात, सावंत सर?” एवढेच म्हणाल्या आणि कामाला लागल्या. दोन दिवस त्यांनी सर्व काही बारकाईने पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. आमचे तीन तरुण केमिस्ट शेजारी होते.

“हा नियम कुणाचा?”

“सावंत सरांचा, मॅडम,” एकजण अभिमानाने म्हणाला.

“चांगला आहे. कशावरून केला?”

“अनुभवावरून,” मी म्हणालो.

“नोंद आहे का त्या अनुभवाची?”

परीक्षणात हा प्रश्न नेहमीचाच असतो. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे आम्हीच मुलांना शिकवतो. मी म्हणू शकलो असतो, फार जुनी गोष्ट आहे, कागद राहिले नाहीत. कुणीही मान्य केले असते. मी माझ्या टेबलाकडे गेलो, खालचा खण उघडला आणि वही आणून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पान वाचले. तारखेवर बोट ठेवले.

“शनिवार,” त्या म्हणाल्या. “विषाच्या रजिस्टरमध्येही शनिवारच होता.”

“तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“चूक माझी होती, सर. मी बोलले असते, तर लोक म्हणाले असते, दुसऱ्यावर ढकलते.” त्यांनी वही मिटली. “आणि मला वाटलं, तुम्ही बोलाल. मी निघेपर्यंत वाटत होतं.”

त्यांनी वही मला परत दिली आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या. अहवालात त्यांनी याविषयी एक शब्दही लिहिला नाही.

तरुण रसायनशास्त्रज्ञांना या हकिकतीतून एखादा धडा हवा असेल, तर तो कोरडा आहे. धातू मोजण्याआधी क्लोराइड मोजा. आणि मोजल्यावर ते विचारणाऱ्याला सांगा. नियमाचा दुसरा भाग मी फ्रेममध्ये कधी घातला नव्हता.

परीक्षणाच्या अखेरीस समारोपाची बैठक असते. सर्व कर्मचारी बसतात, परीक्षक निरीक्षणे वाचून दाखवतात. डॉ. वैतींनी वाचून संपवले, चहा आला, आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, “कुणाला काही सांगायचं आहे?”

मी उभा राहिलो. माझा आवाज मुळातच हळू आहे. त्या दिवशी तो मागच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून मला प्रयत्न करावा लागला.

“भिंतीवरच्या त्या नियमाबद्दल सांगायचंय,” मी म्हणालो. “तो माझा नाही. मॅडमनी एका विहिरीच्या पाण्याबद्दल मला विचारलं होतं, हे खारं आहे का. माझा आकडा तयार होता. मी खोटं सांगितलं, अजून केलं नाही म्हणून. मग मी स्वतः ते पाणी तपासलं. त्यात शिसं नव्हतं. तेही मी लपवलं. अहवाल चुकीचा गेला, गावाची विहीर बंद झाली, आणि यांची नोकरी गेली. यांची खोली मला मिळाली. मला यांचा हेवा वाटत होता, दुसरं काही कारण नव्हतं. त्या गावातले तांडेल आजोबा आता नाहीत, त्यांची माफी मागायची राहून गेली. नलिनीबाई, तुम्ही त्या दिवशी म्हणालात, माझंच चुकलं. तुमचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. मला क्षमा करा.”